पुढे झुकलेली प्लेट

काचबिंदूने बाबांची नजर एका झटक्यात नेली नाही. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग मधलं धुरकटलं, आणि शेवटी उरला तो फक्त उजेड. खिडकी कुठल्या बाजूला आहे, दिवा लागलाय की नाही, समोरून कुणी गेलं का, एवढं त्यांना कळायचं. बाकी सगळं हाताने चाचपून. जन्मभर सिटी बस चालवलेला माणूस. निवृत्त होईपर्यंत गाडीला साधा ओरखडाही पडू दिला नाही, हे घरी आलेल्या प्रत्येकाला पाण्याचा पेला हातात पडायच्या आत ऐकावं लागायचं.

बसनंतर त्यांचा जीव होता नेमबाजीत. शहराबाहेर एक बंद पडलेली खडीची खाण होती, तिथे क्लबची रेंज. खाणीच्या खडकासमोर मातीचा उंच बांध घातलेला, बांधाच्या पायथ्याशी कागदी लक्ष्यांच्या चौकटी. बाबा दर रविवारी तिथे जायचे. लेकीलाही त्यांनीच हाताला धरून शिकवलं. ती अंगाने किरकोळ, म्हणून घरात आणि क्लबात सगळे तिला बारकी म्हणायचे. आठवडाभर ती औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी असायची. रविवारी मात्र पॉइंट टू-टूची रायफल खांद्याला लावून आडवी झाली की तिच्याकडे बघत राहावं.

नजर गेल्यावर बाबांनी आपली रायफल स्वतःहून बारकीच्या हातात दिली. पण रविवार काही सुटला नाही. ते तिच्या मागच्या बाकावर बसायचे आणि प्रत्येक गोळीनंतर विचारायचे, "लागली?"

"लागली, बाबा."

"कुठे?"

"मध्यात."

"आणि आताची?"

"तीपण मध्यातच."

"अगं, मी आंधळा झालोय, खुळा नाही झालो. सगळ्याच कशा मध्यात लागतील?"

या दोघांना रेंजवर नेणं-आणणं वहिनीकडे होतं. वहिनी म्हणजे बारकीची भावजय, बाबांची सून. तिचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. गेट, ग्रिल, जिने, पाण्याच्या टाक्यांचे सांगाडे, जे म्हणाल ते. तिचा नवरा, म्हणजे बारकीचा दादा, एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात होता आणि त्याला रविवार म्हणजे कामाचा कळस. त्यामुळे वर्कशॉपच्या गाडीत पुढे बाबा आणि बारकी, मागे उरलेसुरले लोखंडी पाइप खडखडतायत, अशी त्यांची वरात निघायची. बारकी तिला वहिनी म्हणायची, म्हणून अख्खा क्लबही तिला वहिनीच म्हणू लागला होता.

एका रविवारी परत येताना बाबा म्हणाले, "पुढच्या वेळी तुम्ही दोघीच जा."

"का हो? काय झालं?" वहिनीने विचारलं.

"काही नाही. कागदाला भोक पडलेलं मला ऐकू येत नाही. तिथे बसलो काय नि घरी बसलो काय."

बारकीने खिडकीबाहेर बघितलं. वहिनीला ते वाक्य दोन दिवस बोचत राहिलं. मग वर्कशॉपमध्ये काम करता करता तिच्या हातून हातोडी निसटली, खाली पडलेल्या जाड पत्र्यावर आदळली, आणि सगळ्या शेडमध्ये आवाज घुमला. तिने हातोडी उचलली आणि मुद्दाम पुन्हा एकदा मारून बघितली. कागद मुका होता. लोखंड तसं नव्हतं.

*

रेंजवर सुरक्षेची जबाबदारी शिट्टीबाईंकडे होती. पूर्वी त्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. गळ्यातली शिट्टी तेव्हापासूनची. लांब शिट्टी वाजली की सगळ्यांच्या रायफली खाली, मग समोर कुणीही असो. क्लबचे अध्यक्षसुद्धा त्यांना टरकून असत.

वहिनीने त्यांना कागदाऐवजी लोखंडी प्लेट टांगायची कल्पना सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली.

"कसलं लोखंड?"

"खाणीतल्या लोडरच्या बकेटला आतून लावतात ती कडक प्लेट. दगड घासून घासून थकतात, पण ती झिजत नाही. माझ्याकडे एक तुकडा पडलाय."

"साधं लोखंड नाही ना? साध्याला गोळी खळगा पाडते. आणि खळगा पडला, की पुढची गोळी कुठे जाईल याचा नेम नाही. तुम्ही नळाखाली चमचा धरलाय कधी?"

"रोज धरते."

"पालथा धरला तर पाणी बाजूला पसरतं. उताणा धरला तर सगळं अंगावर येतं. शिशाच्या गोळीचंही तसंच. कडक लोखंडावर ती फुटते आणि तिचा चुरा होऊन उडतो. सपाट असेल तर तो बाजूला जातो. खळगा असेल तर आपल्याकडे येतो." त्या थोडं थांबल्या. "खाली वाळू टाका, दगड एकही नको. आणि डोळ्यावर चष्मा सगळ्यांना. बघायला आलेल्यांनाही."

वहिनीने गॅसकटरने प्लेट गोल कापली, कडा घासल्या, मागच्या बाजूला मधोमध एक दणकट कडी वेल्ड केली. वेल्डिंग इतकं सुबक झालं, की तिने ते दादाला फोटो काढून पाठवलं. रविवारी प्लेट रेंजवर साखळीने टांगली. प्लेट पुरेशी लांब होती, तिच्याखाली वाळू पसरली होती, बारकी रायफल घेऊन आडवी झाली. शिट्टीबाईंनी सगळ्यांना क्लबचे चष्मे वाटले.

"मला कशाला?" बाबा म्हणाले. "माझं आता काय राखायचं राहिलंय?"

"काका, वाद नको. घाला."

बाबांनी चष्मा घातला. शिट्टीबाईंची पाठ वळली तसा तो कपाळावर सरकवला. वहिनीने बघितलं, पण म्हाताऱ्या माणसाशी चारचौघांत कुठे हुज्जत घालायची, म्हणून ती गप्प बसली.

बारकीने गोळी सोडली. कानांवर आवाज अडवणारे मफ असूनही तो आवाज सगळ्यांना ऐकू आला. लख्ख, लांब, हळूहळू विरत जाणारा. टण्ण.

बाबा बाकावरून अर्धे उठले.

"लागली!"

"लागली, बाबा."

"तू नको सांगूस. मी ऐकलं." दुसरी टण्ण. तिसरी टण्ण. चौथीला नुसता मातीत धप्प असा आवाज आला आणि बाबांनी दोन्ही हात वर केले. "चुकली! आता मला पटलं. इतके दिवस थापा मारत होतीस ना?"

बारकी हसत हसत तिथेच उताणी झाली. शिट्टीबाईंनी, रायफल हातात असताना हसायचं नाही, म्हणून तिला दटावलं आणि स्वतः तोंड फिरवून हसून घेतलं.

त्यानंतरचे काही रविवार असे गेले, की आठवडाभर घरात दुसरा विषय नसायचा. बाबा जेवताना बोटाने ताट वाजवून दाखवायचे, कुठली गोळी मध्यात लागली की कसा आवाज येतो आणि कडेला लागली की कसा. दादा म्हणायचा, "बाबा, ताट मी आणलंय, प्लेट वहिनीने बनवलीय. तुम्ही गल्लत करताय." वहिनी त्याचीच बायको, पण घरात बाबांसारखा तोही तिला वहिनीच म्हणायचा आणि बारकीच्या टपल्या खायचा.

*

मग तो रविवार आला. बारकीच्या गोळ्या एका जागी छान बसत होत्या. एवढ्यात एक आवाज नेहमीसारखा आला नाही. टण्णऐवजी टप्प असं काहीतरी झालं, आणि त्याच क्षणी मागून बाबांचा आवाज आला, "आई गं!"

शिट्टी लांब वाजली. बारकीने रायफल रिकामी करून खाली ठेवली आणि ती धावली. बाबांनी डावा गाल हाताने दाबून धरला होता, बोटांमधून रक्त येत होतं. चष्मा कपाळावरच होता.

"एवढंसं खरचटलंय," बाबा म्हणत होते. "आरडाओरडा करू नका."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गालाच्या हाडावरून शिशाचा एक चपटा तुकडा काढला, तांदळाच्या दाण्याएवढा. जखम शिवली. मग त्यांनी छोटी बॅटरी काढली आणि आधी उजव्या, मग डाव्या डोळ्यावर धरली.

"उजेड कुठल्या डोळ्याला जास्त कळतो?"

"डाव्या," बाबा म्हणाले.

"हा तुकडा बोटभर वर लागला असता, तर तेवढाही राहिला नसता."

तिथपर्यंत बाबा थट्टा करत होते, नर्सला बसचे किस्से सांगत होते. त्यानंतर घरी पोचेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

बारकी रडून रडून लाल झाली. "गोळी माझी होती," ती म्हणत राहिली.

"गोळी तुझी, पण प्लेट माझी," वहिनी म्हणाली. "वेल्डिंगचा टाका मी लोखंडाला मारला आणि पडला बाबांच्या गालाला."

दादाने दोघींपुढे चहा ठेवला. "आता रडारडीत वाटणी करू नका. काय बिघडलं ते शोधा. बाबा बरे आहेत."

शिट्टीबाईंनी प्लेटची जागा बंद केली. वहिनीने प्लेट वर्कशॉपमध्ये आणून टेबलावर ठेवली आणि स्वच्छ पुसली. बहुतेक ठिकाणी नुसते राखाडी डाग होते, बोट फिरवलं तर गुळगुळीत. मधोमध मात्र एक खळगा होता, बोटाचं टोक बसेल एवढा. तिने कानस घेतली आणि प्लेटवर चालवली. कडक पोलादावर कानस काचेवरून घसरावी तशी सरकत होती. खळग्यापाशी आल्यावर मात्र ती धरली, खरखरली, तिने लोखंडाचा कीस काढला. वहिनीने प्लेट पालथी केली. खळग्याच्या बरोबर मागे तिची ती सुबक कडी होती.

ती स्टुलावर बसली. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचा कडकपणा त्या जागी उतरला होता. गॅसने कापल्यामुळे कडाही मऊ झाल्या होत्या, तिथेही कानस धरत होती. तापवून थंड झालेलं लोखंड मऊ पडतं, हे तिला काय नवीन होतं? पण इतकी वर्षं टिकाऊपणा म्हणजे वेल्डिंग, हेच हाताला ठाऊक होतं. हाताने विचार केला होता, डोकं मागे राहिलं होतं.

तिने शिट्टीबाईंना फोन केला.

"मला वाटलंच होतं, तुम्ही फोन कराल," त्या म्हणाल्या. "चूक माझीही आहे. मी लोखंडाची जात विचारली, पण पाठ बघितली नाही. आणि प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी प्लेट तपासायला हवी होती. बारकीच्या दुकानातून औषधांचे मोकळे खोके आणता येतील का? जेवढे मिळतील तेवढे."

*

रेंज बंद असते अशा दिवशी तिघी तिथे गेल्या. जुनी प्लेट पुन्हा टांगली आणि तिच्या सगळ्या अंगांना खोक्यांचे पुठ्ठे उभे केले: खाली, वर, दोन्ही बाजूंना, आणि समोर मधे गोळी जाण्यापुरती फट ठेवून. बारकी जाड प्लायच्या आडोशामागे आडवी झाली, वहिनी आणि शिट्टीबाई गाडीच्या मागे. तिघींनीही चष्मे दोनदा तपासले.

पहिली गोळी प्लेटच्या सपाट भागावर. शिट्टी झाल्यावर त्या जवळ गेल्या. बाजूच्या पुठ्ठ्यांवर पात्याने ओढाव्यात तशा चिरा होत्या, सगळ्या प्लेटच्या तोंडाच्या रेषेत. समोरचे पुठ्ठे कोरे.

"म्हणजे चुरा पंख्यासारखा पसरतो," बारकी म्हणाली. "प्लेटला लागून."

"म्हणून प्लेटच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही," शिट्टीबाई म्हणाल्या. "आता खळग्यावर मार."

खळग्यावर नेम धरायला बारकीने वेळ घेतला.  शेवटी गोळी सुटली. या वेळी समोरच्या पुठ्ठ्यात, बरोबर नेमबाजाच्या दिशेला, फाटलेली भोकं होती. वहिनीने एका भोकात करंगळी घातली आणि पलीकडून ती बाहेर आलेली बघत राहिली. 

नवी प्लेट वहिनीने स्वतः कापली नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला पाण्याच्या धारेने पोलाद कापणारा एक कारखाना होता. तिथे लोखंड तापतच नाही. तिथून तिने गोल प्लेट कापून आणली, वरच्या बाजूला एक भोक पाडून घेतलं. कडी नाही, साखळी नाही, वेल्डिंग नाही. गोल डोक्याचा एकच बोल्ट आणि खडी वाहून नेणाऱ्या पट्ट्याचा जाड रबरी तुकडा. पट्टा तिने प्लेटच्या मागच्या बाजूने बांधला. मागून टांगल्यामुळे प्लेटचा पाय मागे गेला आणि डोकं पुढे आलं. सगळी प्लेट वाकून नमस्कार करावा तशी वाळूकडे बघू लागली. पट्टा ज्या आडव्या पाइपला टांगला होता, त्याला तिने समोरून लाकडी फळी बांधली, दोन्ही बाजूंना जाड फळ्या उभ्या केल्या.

दादा ते बघायला मुद्दाम वर्कशॉपमध्ये आला. "आयुष्यात पहिल्यांदा तू टाका न मारता काही बनवलंयस."

"आणि तेच सगळ्यात अवघड गेलं," वहिनी म्हणाली. "हात सारखा मशीनकडे जात होता."

पुन्हा पुठ्ठे, पुन्हा गोळ्या, अनेक. खालच्या पुठ्ठ्याच्या चिंध्या झाल्या. बाजूच्या फळ्यांत थोडे तुकडे रुतले, वर एखाददुसरा ओरखडा. समोरचे पुठ्ठे जसे उभे केले तसेच राहिले. शिट्टीबाईंनी ते हातात घेऊन उन्हात धरून बघितले. कुठूनही उजेड आरपार आला नाही.

"उघडू या," त्या म्हणाल्या. "बाक मात्र आणखी मागे न्यायचा. आणि काकांनी चष्मा घातला नाही, तर मी त्यांना गाडीत बसवेन."

*

पण काका यायलाच तयार नव्हते. टाके निघाले, गालावर बारीक व्रण राहिला, तरी विषय काढला की ते म्हणायचे, "मला नको आता ते." बारकीने विनवून बघितलं, दादाने चेष्टा करून बघितली. कशाचाच उपयोग झाला नाही.

एका सकाळी वहिनी कामावर निघाली, तेव्हा बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. ऊन त्यांच्या चेहऱ्यावर आलं होतं. त्यांनी डोळे उघडे ठेवले होते आणि चेहरा हळूहळू एका बाजूकडून दुसरीकडे नेत होते. वहिनीने पिशवी खाली ठेवली आणि उंबऱ्यावरच बसली.

"उशीर नाही होत तुला?" बाबांनी विचारलं.

"होतोय. होऊ दे."

बाबांनी चेहरा तिच्याकडे वळवला. मग बाबा म्हणाले, "तू कुणाला सांगणार नसशील तर एक सांगतो."

"नाही सांगणार."

"तो क्लबचा चष्मा. तुम्हाला वाटतं, मी हट्टाने घालत नव्हतो."

"मग?"

"त्याच्या काचा काळपट आहेत गं. उन्हासाठी असतील. तो घातला की माझा उजेड जातो. एकदम रात्र होते. तुम्ही सगळे आसपास असता, पण मला कुणाची सावलीही कळत नाही. बाकावर एकटाच बसल्यासारखं वाटतं." त्यांनी गालावरचा व्रण चोळला. "आणि तो काढला, तर हेही जाईल, असं ती डॉक्टरीण म्हणाली. मग घरीच बसलेलं बरं. इथे निदान ऊन येतं."

वहिनीला आपल्या कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. "बाबा, एवढंच होतं तर बोलायचं नाही का?"

"काय बोलू? आंधळा चष्म्याच्या रंगावरून कुरकुर करतो म्हणून?"

ती उठली आणि पिशवीत हात घातला. ग्राइंडरवर काम करताना ती स्वतः वापरायची तो चष्मा तिने बाहेर काढला. काचा पाण्यासारख्या साफ, बाजूंनीही बंद. साडीच्या पदराने तिने तो पुसला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चाचपला, डोळ्यांवर चढवला, आणि चेहरा उन्हाकडे वळवला.

"हं," ते म्हणाले. मग मान डावीकडे, मग उजवीकडे. "तू दारात उभी आहेस."

"आहे."

"आता बाजूला झालीस."

"झाले."

"असले चष्मे मिळतात, आणि तुम्ही मला इतके दिवस रात्रीत बसवलंत?" आवाज चढला होता, पण त्यात राग नव्हता. "रविवारी किती वाजता निघायचंय?"

शिट्टीबाईंच्या कानावर वहिनीने एवढंच घातलं, की क्लबात काही चष्मे साफ काचांचेही हवेत. का, ते सांगितलं नाही. शिट्टीबाईंनी का म्हणून विचारलंही नाही. पुढच्या रविवारी पेटीत दोन्ही प्रकारचे होते.

*

नव्या प्लेटचा आवाज जुन्या प्लेटपेक्षा खोल होता. बाबांनी पहिल्या काही गोळ्या मान तिरकी करून नुसत्या ऐकल्या आणि मग निकाल दिला, "ही जरा घोगरी आहे, पण खरं बोलते." पुढे क्लबातले बाकीचेही प्लेटवर मारायला मागू लागले, म्हणून वहिनीने आणखी दोन बनवल्या, एक मोठी आणि एक बशीएवढी. दर वेळी सुरुवातीला शिट्टीबाई आणि वहिनी तिन्ही प्लेटवरून हात फिरवायच्या, बोल्ट बघायच्या, वाळूत दगड आलेत का ते बघायच्या.

एकदा क्लबातला एक पोस्टमन मोठ्या प्लेटवर मारत होता. मधेच बाबा बाकावरून ओरडले, "थांबवा!"

शिट्टीबाईंनी विचारायच्या आधी शिट्टी वाजवली. "काय झालं, काका?"

"आवाज बसलाय तिचा. मघाशी अशी नव्हती."

वहिनी जाऊन बघून आली. बोल्ट ढिला झाला होता, पट्ट्याला पीळ पडला होता आणि प्लेट तिरकी फिरून एका बाजूच्या बाकाकडे तोंड करून उभी होती. तिथे त्या दिवशी कुणी बसलं नव्हतं, तो भाग वेगळा. पोस्टमनने रायफल खाली ठेवली आणि बाबांना आपल्या डब्यातली अर्धी पोळीभाजी दिली.

त्या दिवसापासून बाबांना ऊत आला. दर रविवारी ते दोन-तीनदा थांबवायचे. बहुतेक वेळा काहीच नसायचं. कधी वारा असायचा, कधी कुणाचा डबा पडलेला. बारकी वैतागायची, "बाबा, माझा सगळा नेम मोडतो!"

"मोडू दे," शिट्टीबाई म्हणायच्या. "फुकट थांबलेलं परवडतं. काका, तुम्ही ओरडत जा."

मग बाबा कॉलर ताठ करून बसायचे. बसच्या स्टिअरिंगमागे बसायचे तसे.

असंच एकदा जेवणाच्या सुट्टीआधी थोडा वेळ उरला होता. बारकी थकून पाण्याच्या बाटलीशी बसली होती. बाबा म्हणाले, "वहिनी, तू कधी मारून बघितलीस का गं?"

"मी? नाही बाई. मी आपली गाडी चालवते आणि प्लेट टांगते."

"प्लेट बनवणारीने एकदा तरी ती वाजवायला नको? बारकी, दे तिला रायफल. शिट्टीबाई, चालेल ना?"

"मी शेजारी बसते," शिट्टीबाई म्हणाल्या. "आडव्या व्हा. बोट चापावर नाही, बाहेर. मी सांगेपर्यंत बाहेर."

वहिनी वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून आडवी झाली. बाबांनी बाक सोडला आणि शिट्टीबाईंना विचारून ते वहिनीच्या मागे खुर्ची ओढून बसले.

पहिली गोळी मातीत गेली. दुसरी बाजूच्या फळीत.

"तू श्वास कोंडतेयस," बाबा मागून म्हणाले. "मला ऐकू येतोय. वेल्डिंग करताना कोंडतेस का?"

"नाही. तेव्हा हळू सोडत जाते. नाहीतर हात हलतो."

"मग इथेही तसंच. ही काय वेगळी आहे? टोकावर नजर, श्वास सोडत जायचा, आणि बोटाला घाई नाही. ब्रेक दाबतात तसं दाबायचं. मागे उभे असलेले लोक पडता कामा नयेत."

बारकी खुदकन हसली. वहिनीने डोळा मिटला, उघडला. समोर मोठी प्लेट होती, मान खाली घालून उभी. तिने श्वास सोडायला सुरुवात केली, आणि कधी चाप ओढला गेला ते तिचं तिलाही कळलं नाही.

टण्ण.

"कडेला," बाबा म्हणाले.

"लागली ना पण!"

"लागली. अजून एक मार."

शिट्टीबाईंनी घड्याळाकडे बघितलं. जेवायची वेळ झाली होती, दूर पोस्टमन डबा उघडून त्यांचीच वाट बघत होता. त्यांनी शिट्टी तोंडापर्यंत नेली, आणि परत खाली सोडली.

"एकच," त्या म्हणाल्या.